देऊन टाकू नका, लिहून ठेवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात मी मुद्रांक विकतो आणि दस्त लिहितो. दुय्यम निबंधक कार्यालयात जाणारा माणूस आधी माझ्या टेबलाशी थांबतो, पिशवीतून सातबारा आणि आधार कार्ड काढतो आणि बहुतेक वेळा एवढेच म्हणतो, "पोराच्या नावानं करून टाका." हल्ली मात्र काही जण वेगळीच मागणी घेऊन येतात. मुलगा पुण्यात, नाहीतर थेट अमेरिकेत असतो. तिकडून तो मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाठवतो आणि सांगतो, बाबा, रिव्होकेबल ट्रस्ट करून ठेवा. हयातीत सगळे तुमच्याच हातात राहील, मागाहून कोर्टकचेरी नाही, आणि करही वाचेल.

लाडखेडकडच्या एका निवृत्त मास्तरांनी मला असा व्हिडिओ दाखवला आणि विचारले, "म्हंजे आता मी देवस्थान काढू काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आमच्या तालुक्यात ट्रस्ट म्हटले की धामणगाव देवचे मुंगसाजी महाराज डोळ्यांपुढे येतात, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याची शाळा. सार्वजनिक ट्रस्टला 1950 चा वेगळा कायदा लागतो आणि त्याच्यावर धर्मादाय आयुक्तांची नजर असते. मास्तरांच्या मुलाने सुचवलेला ट्रस्ट घरगुती. त्याला 1882 चा भारतीय विश्वस्त कायदा लागतो. मालक आपली मालमत्ता विश्वस्ताच्या स्वाधीन करतो, ती कोणासाठी सांभाळायची ते दस्तात लिहितो, आणि वाटेल तेव्हा हे सगळे मोडून मालमत्ता परत घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतो. हा हक्क दस्तात स्पष्ट राखून ठेवावा लागतो, असे त्या कायद्याचे कलम 78 सांगते. राखला नाही, तर एरवी लाभार्थींच्या संमतीशिवाय ट्रस्ट मोडता येत नाही. म्हणजे ही कल्पना काही परवा अमेरिकेतून आलेली नाही. इंग्रजांच्या काळापासून ती आपल्या कायद्यात पडून आहे. आमच्याकडे कोणी तिच्या वाटेला गेले नाही, आणि न जाण्याला कारणे होती.

अमेरिकेत ती घरोघरी पोचली त्यालाही कारण होते. तिथल्या अनेक राज्यांत मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घ्यावे लागते. त्याला प्रोबेट म्हणतात. त्यात महिनेच्या महिने जातात आणि वकिलाची फी निघते ती वेगळी. 1965 मध्ये नॉर्मन डेसी नावाच्या एका गृहस्थाने प्रोबेट कसा टाळावा यावर पुस्तक काढले. स्वतः वकील नव्हता, म्युच्युअल फंड विकायचा. मालमत्ता जिवंतपणीच ट्रस्टमध्ये ठेवा, मेल्यावर कोर्टाला विचारायचे कामच नाही, हा त्याचा सल्ला. पुस्तक तुफान खपले आणि वकील मंडळी त्याच्यावर तुटून पडली. तेव्हापासून तिकडच्या मध्यमवर्गीय घरात असा ट्रस्ट असणे ही साधी गोष्ट झाली. न्यू जर्सीत घर घेतलेल्या आपल्या मुलाला शेजारी जे सांगतो, तेच तो दारव्ह्यातल्या बापाला सांगतो. मुलाची भावना चांगली आहे. पण त्याच्या शेजाऱ्याच्या अडचणी त्याच्या बापाला नाहीत.

प्रोबेटचेच घ्या. आपल्याकडे त्याची सक्ती होती ती मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या इलाखा शहरांपुरती. दारव्ह्यातल्या हिंदू माणसाने दारव्ह्यातल्याच घराचे मृत्युपत्र केले, तर प्रोबेटची सक्ती त्याच्यावर कधीच नव्हती. जे टाळायचे म्हणून ट्रस्ट करायचा, ते इथे मुळातच नाही.

राहिला कर. मेलेल्या माणसाच्या मालमत्तेवर आपल्या देशातही एके काळी कर होता. 1953 साली आला, आणि विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना 1985 मध्ये गेला. त्यानंतर वारशाने आलेल्या घरावर, वावरावर किंवा ठेवींवर केवळ वारसा म्हणून एक रुपया कर लागत नाही. अमेरिकेत असा कर आहे, पण 2026 पासून माणशी दीड कोटी डॉलरपर्यंत सूट आहे. त्यातही मेख अशी की, परत घेता येणाऱ्या ट्रस्टने तो तिकडेसुद्धा वाचत नाही. मालमत्तेवर ताबा तुमचाच आहे ना, मग ती तुमचीच, असे तिथला कायदा म्हणतो. आपल्या प्राप्तिकर कायद्याचा हिशेबही तोच. तो कायदा सांगतो की, देणाऱ्याला परत घेता येईल अशा रीतीने मालमत्ता दिली असेल, तर तिचे उत्पन्न देणाऱ्याचेच धरायचे. म्हणजे मास्तरांनी ठेवी ट्रस्टमध्ये टाकल्या, तरी व्याज त्यांच्याच विवरणपत्रात. आणि ज्याचे सगळे उत्पन्न कपाशी, सोयाबीन आणि तुरीचे, त्याच्या शेती उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर आधीपासूनच नाही. त्याला "कर वाचतो" म्हणून काही विकणारा माणूस एकतर अडाणी आहे, नाहीतर फार हुशार.

आता खर्च. ठेवी, रोखे ट्रस्टकडे देणे तुलनेने सोपे. घर किंवा जमीन द्यायची तर विश्वस्त कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. महाराष्ट्रात घरगुती ट्रस्टच्या अशा दस्ताला रेडी रेकनरच्या भावाने खरेदीखतासारखे मुद्रांक शुल्क बसते. स्वतःच्याच घराचे, स्वतःच्याच फायद्यासाठी, लाखाला हजारोंनी पैसे भरायचे. पुढे ट्रस्टचा वेगळा पॅन, वेगळे बँक खाते, विवरणपत्र, सीएची फी. विश्वस्त भाऊ किंवा साळा असेल तर तो फुकट काम करील. दस्तात लिहिल्याशिवाय विश्वस्ताला मेहनताना मागता येत नाही, हे कायद्यातच आहे. पण बँकेची किंवा कंपनीची विश्वस्त शाखा नेमली तर ती आपली फी लिहून घेतल्याशिवाय दस्ताला हात लावणार नाही.

वावराची गोष्ट तर आणखी अवघड. विदर्भाला 1958 चा स्वतंत्र कुळकायदा आहे आणि त्याच्या कलम 89 ने शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाऊ द्यायला मनाई केली आहे. द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ट्रस्ट शेतकरी आहे काय, हा प्रश्न तलाठ्याच्या टेबलावर पडला की फेरफार किती दिवस लटकेल ते मी सांगू शकत नाही. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लटकण्याची तऱ्हा जुनीच आहे. जमीन भूमीधारी, म्हणजे हस्तांतरावर निर्बंध असलेली असेल तर परवानगीचा घोळ निराळा. शिवाय सातबाऱ्यावर माणसाचे नाव जाऊन ट्रस्टचे आले, तर पीककर्ज कोणाला द्यायचे? सोसायटीचा सभासद कोण? पीएम-किसानच्या नियमांत संस्थात्मक जमीनधारकांना वगळले आहे, त्या यादीत आपला घरगुती ट्रस्ट बसतो की नाही याचा खुलासा मागत बुढ्याने तहसीलच्या पायऱ्या चढायच्या? आमच्या भागात सातबाऱ्यावरचे नाव हीच शेतकऱ्याची ओळख असते. ते काढून तिथे संस्थेचे नाव चढवायला मी कोणाला सांगणार नाही.

एवढे बोलल्यावर ट्रस्टच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, कारण दोन ठिकाणी तो खरेच कामाचा आहे. एक, माणूस जिवंत आहे पण भान गेले आहे. लकव्याने पडलेला, विसरभोळेपणा पार टोकाला गेलेला. लोक समजतात, मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले. पण ज्याने अधिकार दिला तो मेला किंवा त्याची बुद्धी चालेनाशी झाली की मुखत्यारपत्र संपते. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी. ट्रस्टमध्ये दुसरा विश्वस्त नेमलेला असेल तर औषधपाणी, नर्स, घरखर्च कशालाही अडत नाही. बँकेत मोठी रक्कम असलेल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी याचा विचार जरूर करावा. त्यात फक्त ठेवी ठेवाव्यात, घर-वावर नको. दोन, ज्यांच्या घरात मतिमंद किंवा बहुविकलांग लेकरू आहे. आपल्यामागे याचे कसे, ही काळजी ज्या आई-बापांना झोपू देत नाही, त्यांच्यासाठी ट्रस्ट हा उत्तम मार्ग आहे, आणि तो आजच उभा करण्याचीही गरज नाही. मृत्युपत्रातच लिहिता येते की, माझ्या पश्चात अमुक रक्कम या लेकराच्या नावे ट्रस्ट म्हणून अमक्याने सांभाळावी. मृत्युपत्राने केलेला तो तुमचा एकमेव ट्रस्ट असेल, तर त्याला कराचा सर्वात वरचा दर लागू नये अशी सोयही प्राप्तिकर कायद्याने ठेवलेली आहे. अशा लेकरासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते, म्हणजे यवतमाळलाच.

बाकी सगळ्यांसाठी ट्रस्ट नको. पण त्या अमेरिकी व्हिडिओत एक शब्द मला मोलाचा वाटतो, तो म्हणजे "रिव्होकेबल". परत घेता येणारे. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना ट्रस्टची गरज नसेल, पण परत घेता येण्याची गरज फार आहे. आणि आम्ही नेमके उलटे करत आहोत.

2015 मध्ये राज्य सरकारने राहते घर आणि शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची बायको यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये केले. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा. हेतू चांगला होता. घरातल्या घरात नावे बदलायला लाखो रुपये का लागावेत? पण परिणाम मी रोज पाहतो. स्वस्त आहे म्हणून लोक देऊन मोकळे होतात. दुपारच्या आत दस्त होतो, अंगठे लागतात, फोटो निघतो, आणि सकाळी मालक म्हणून आलेला बाप संध्याकाळी मुलाच्या घरात राहणारा माणूस होतो. सून चांगली असली, मुलगा श्रावणबाळ असला, तरी हा फरक पडतोच. घरात कोणी बोलत नाही, पण चहा कोणाला आधी येतो त्यावरून कळते.

आणि हे दिलेले परत मागता येत नाही. बक्षीसपत्रात "माझ्या मर्जीला येईल तेव्हा परत घेईन" अशी अट टाकून द्या, असे मला पुष्कळ जण सांगतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 126 प्रमाणे, केवळ देणाऱ्याच्या मर्जीवर परत घेता येणारे बक्षीस तेवढ्यापुरते रद्दबातलच ठरते. एक वाट आहे ती 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातली. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळले नाही, तर कलम 23 खाली तो व्यवहार रद्द करून मिळतो. त्यासाठी नागपूर-मुंबई करावी लागत नाही. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांचे असते आणि ते कार्यालय दारव्ह्यातच आहे. पण दस्तात सांभाळाची अट होती काय, हा प्रश्न पहिला येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात ही अट अत्यावश्यक मानली. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या ऊर्मिला दीक्षित या आईच्या बाजूने निकाल देताना न्यायालयाने हा कायदा म्हाताऱ्यांच्या हिताच्या दृष्टीने वाचा असे सांगितले; तिच्या प्रकरणात मुलाने सांभाळाचे वचनपत्र लिहून दिल्याचे पुढे आले होते. म्हणून देणारच असाल, तर माझे हात जोडून सांगणे आहे, सांभाळाची अट दस्तात शब्दांत लिहून घ्या. लाज वाटते, मुलावर अविश्वास दाखवल्यासारखे होते, असे म्हणणारे बाप मी पाहतो. ज्या मुलाला सांभाळायचेच आहे त्याला ती अट जड का व्हावी?

ही काही गरिबाघरचीच गत नाही. रेमंडचे विजयपत सिंघानिया यांनी 2015 मध्ये आपला मोठा हिस्सा मुलाला दिला. दोनच वर्षांनी, 2017 मध्ये, मुंबईतल्या घराच्या प्रश्नावर ते उच्च न्यायालयाच्या दारात उभे होते. हयातीत सर्वस्व मुलांना देऊ नका, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. त्यांच्याजवळ सल्लागारांची फौज होती. आमच्याकडच्या तीन एकरवाल्याजवळ कोण असते? माझ्यासारखा दस्तलेखक, आणि बक्षीसपत्र लिहिले तर माझी मजुरी होते. हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

मास्तरांना मी जे सांगितले ते सगळ्यांना सांगतो. परत घेता येणारी व्यवस्था हवी ना? ती आपल्याकडे आहे, तिचे नाव मृत्युपत्र. तुम्ही मरेपर्यंत त्याने काही म्हणजे काही बदलत नाही. सातबारा तुमचा, घर तुमचे, पासबुक तुमचे. मन बदलले तर दुसरे लिहा. जे शेवटचे तेच खरे, आधीचे नोंदवलेले असले आणि नंतरचे साध्या कागदावरचे असले तरीही. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी, कारण पुढे "ही सही बुढ्याची नाहीच" म्हणणारा घरातूनच निघतो. सही करताना डॉक्टरचा दाखला जोडला तर आणखी बरे. घरात कोणाला कळू द्यायचे नसेल तर बंद पाकिटात यवतमाळला जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते. एवढे मात्र खरे की, वडिलोपार्जित वावरात तुम्हाला स्वतःच्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. मुलींचा हिस्सा वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने जन्मापासूनचा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. मृत्युपत्र असो की ट्रस्ट, लेकीचा हक्क खोडून टाकायचे यंत्र म्हणून ते वापरायला आलेल्याला मी परत पाठवतो. रक्षाबंधनाच्या आसपास बहिणींना गोळा करून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची जी पद्धत पडली आहे, तीही मला पटत नाही.

"आमच्या खात्यांवर नॉमिनी लावलेला आहे, मृत्युपत्र कशाला?" असेही पुष्कळ जण म्हणतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ते लावाच. पण नॉमिनी मालक नसतो, पैसे हाती घेणारा असतो. ज्यांचे 'कालनिर्णय' दारव्ह्यातल्या बहुतेक भिंतींवर लटकते, त्या जयंत साळगावकरांच्या वारसांमधला याच मुद्द्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला की, शेअर्सवर नॉमिनीचे नाव असले तरी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ज्याचा हक्क आहे तो डावलला जात नाही. मुहूर्त सांगणाऱ्या घरातही कागदाचा प्रश्न सुटायला दहा वर्षे लागली, तर आपण कोण?

आमच्या जिल्ह्यापुरते एक वेगळे बोलायचे आहे. घरधनी अचानक गेला आणि मागे तरुण बायको उरली, अशी घरे यवतमाळमध्ये किती आहेत हे साऱ्या देशाला माहीत आहे. त्या बाईच्या दृष्टीने ट्रस्ट, बक्षीसपत्र हे सगळे दूरचे आहे. तिचे नाव सातबाऱ्यावर लागणे हीच तिची पहिली लढाई. मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारस कळवायचे असतात. दीर पुढे येऊन सांगतो, "वहिनी, घाई काय आहे?" आणि नोंद राहून जाते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्याने जिवंतपणीच बायकोचे नाव जमिनीला लावावे म्हणून. सरकारची त्याच नावाची योजना आजही आहे, सातबाऱ्यावर बायकोला सहधारक करण्याची. आमच्या तालुक्यात तिचा अर्ज मागणारा नवरा मला फार क्वचित दिसतो. ट्रस्टचा व्हिडिओ पाहणाऱ्या मुलांनी आधी आईचे नाव सातबाऱ्यावर आहे काय, ते बापाला विचारावे.

मास्तरांनी शेवटी मृत्युपत्र केले. अमेरिकेतल्या मुलाला त्याची प्रत पाठवली आणि लेकीला घरी बोलावून वाचून दाखवली. ज्यांनी अजून केले नाही त्यांच्यासाठी : नोंदणीचे शुल्क 100 रुपये, सोबत दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे असा माणूस शक्यतो साक्षीदार म्हणून आणू नका.